वाचकांचे प्रश्न : पणजीचा पिन कोड आणि चार कोटी अंकांची संख्या

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं, की आजवर सापडलेल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येत चार कोटींहून जास्त अंक आहेत. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी दुसरा विषय घ्यायला जागाच नाही. मला त्याचा मनापासून आनंद झाला. फोंडा तालुक्यातल्या शाळेत गणित शिकवताना मूळ संख्यांचा धडा दोन-तीन तासांत आटपावा लागायचा, आणि मुलांचे खरे प्रश्न घंटा झाल्यावर सुरू व्हायचे. आज घंटा नाही, तेव्हा सावकाश बोलू.

प्रश्न : बाई, आमच्या पत्त्यात ४०३००१ हा पिन कोड येतो. ही मूळ संख्या आहे का? मी १३ पर्यंतच्या संख्यांनी भागून पाहिलं, नि:शेष भाग जात नाही. अजून कुठपर्यंत भागत राहू?
(सातवीतली विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : हो गं, ४०३००१ मूळ आहे. पण त्याहून मला तुझं ‘कुठपर्यंत’ जास्त आवडलं. एखादी संख्या मूळ नाही, हे दाखवायला एक विभाजक पुरतो. तो समोर ठेवला की वाद संपला. मूळ आहे म्हणायचं तर ‘विभाजक कुठेच नाही’ अशी खात्री द्यावी लागते, आणि तशी खात्री देण्याआधी सगळीकडे शोधून व्हायला हवं.

‘सगळीकडे’ म्हणजे वर्गमूळापर्यंत. संख्येचे दोन अवयव पडत असतील, तर दोन्ही एकाच वेळी वर्गमूळाहून मोठे असू शकत नाहीत, मग गुणाकारच जास्त होईल. ४०३००१ चं वर्गमूळ ६३४ च्या जरा पुढे आहे. ६३४ पर्यंत मूळ संख्या आहेत ११५, शेवटची ६३१. तेवढ्यांनी भागून पाहायचं. २, ३ आणि ५ चा निकाल नजरेनेच लागतो. बाकीचे भागाकार मी कागदावर केले, प्रत्येक वेळी बाकी उरली. ४३९ पाशी तर फक्त एकाने चुकामूक होते: ४३९ × ९१८ = ४०३००२. तूही करून बघ. एक वही आणि सुट्टीची एक दुपार पुरेल.

आता एक गोष्ट तुझ्या मैत्रिणींना सांग. गोव्याचे सगळे पिन कोड ४०३ ने सुरू होतात, आणि ४०३ = १३ × ३१. म्हणून गोव्यातला कुठलाही पिन कोड १३ ने भागायचा असला, तर सुरुवातीचे ४०३ सोडून फक्त शेवटचे तीन अंक भागायचे. ३१ चंही तसंच. म्हापसा ४०३५०७. यातले ५०७ म्हणजे १३ × ३९, म्हणून म्हापशाचा पिन कोड संयुक्त. मडगावच्या ४०३६०१ ला ११ ने भाग जातो, फोंड्याच्या ४०३४०१ ला ३ ने, आणि वास्कोचा ४०३८०२ तर समच. या मोठ्या शहरांत मूळ पिन कोड एकट्या पणजीचा. शिवाय ४०३००१ नंतर एक सोडून येणारी ४०३००३ हीसुद्धा मूळच आहे, म्हणजे ही जोडमूळ संख्यांची जोडी झाली. जोडमूळ संख्या या लेखात पुढे पुन्हा भेटतील, लक्षात ठेव.

प्रश्न : चार कोटी अंकांच्या संख्येला कुठल्याही संगणकाने वर्गमूळापर्यंत भागून पाहिलं असेल, हे मला पटत नाही. मग ती मूळ आहे हे छातीठोकपणे कसं सांगतात? तो नुसता अंदाज आहे का?
(बारावीचा विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : तुला पटत नाही हे बरोबरच आहे, कारण तसं कुणी भागून पाहिलेलं नाही, पुढेही कुणी पाहणार नाही. तरीही तो अंदाज नाही. ती पक्की सिद्धता आहे. हे कसं जमतं, ते मला या लेखात सर्वांत जास्त सांगायचं आहे. तेव्हा कागद-पेन घेऊन बस.

आधी संख्येची ओळख. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर तीन हजार अंक छापले, तर तेरा हजार सहाशेहून जास्त पानं होतील. सेकंदाला एक अंक या गतीने न थांबता वाचली, तर सव्वा वर्ष उलटून जाईल. अशी अगडबंब असली तरी तिचे शेवटचे तीन अंक तू आत्ता काढू शकतोस. २ च्या घातांचे शेवटचे तीन अंक (तिसऱ्या घातापासून पुढे) दर शंभर घातांनी पुन्हा तेच येतात. आपला घातांक ४१ ने संपतो, म्हणून २ चा ४१ वा घात पाहायचा: २१९९०२३२५५५५२. शेवटी ५५२, त्यातून १ वजा, म्हणजे ५५१. जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ५५१ ने संपते.

ती सापडली ऑक्टोबर २०२४ मध्ये. ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ हा उपक्रम १९९६ पासून चालू आहे. जगभरचे लोक आपल्या संगणकाचा मोकळा वेळ या शोधासाठी देतात. या वेळचा शोध अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरांट यांचा. त्यांनी नेहमीच्या संगणकांऐवजी ग्राफिक्स प्रोसेसरांची फौज अनेक देशांत कामाला लावली होती. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका प्रोसेसरने ‘ही बहुधा मूळ असावी’ असा कौल दिला, आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या प्रोसेसरने ती मूळच असल्याचं सिद्ध केलं. ‘बहुधा’ आणि ‘सिद्ध’ यांतला फरक पुढे सांगते.

भागून का पाहता येत नाही? कारण नुसतं वर्गमूळच दोन कोटी अंकांचं आहे. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या लिहायला ऐंशीच्या आसपास अंक पुरतात. म्हणजे ‘सगळीकडे शोधणं’ हा रस्ता बंद. दुसरा रस्ता फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी १८७० च्या दशकात दाखवला, आणि अमेरिकेच्या डेरिक लेहमर यांनी तो १९३० च्या सुमारास आजच्या सुटसुटीत रूपात आणला. तो ‘२ चा एखादा मूळ घात वजा १’ अशाच संख्यांना, म्हणजे मर्सेन संख्यांना, लागू पडतो. म्हणूनच विक्रमी संख्या बहुतेक वेळा याच घराण्यातल्या असतात.

रीत अशी. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागायचं आणि बाकी घेऊन पुढे जायचं. घातांक प असेल, तर हे प − २ वेळा करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त.

३१ घेऊ, ती २ चा ५ वा घात वजा १. तीन पायऱ्या करायच्या. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, म्हणजे ६२; ३१ ने भागून बाकी शून्य. ३१ मूळ.

१२७ साठी पाच पायऱ्या: ४, १४, ६७, ४२, १११ आणि मग ०. शेवटची पायरी करून बघ: १११ चा वर्ग १२३२१, वजा २, म्हणजे १२३१९, आणि ते बरोबर १२७ × ९७.

आता २०४७, म्हणजे २ चा ११ वा घात वजा १. बाक्या येतात ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि नवव्या पायरीला १७३६. शून्य नाही, म्हणजे २०४७ संयुक्त. खरंच आहे, २०४७ = २३ × ८९. पण परीक्षेने २३ चं नाव घेतलं नाही, ८९ चंही नाही. विभाजक आहेत एवढंच ती सांगते, कोणते ते सांगत नाही. हा मुद्दा पुढच्या एका पत्रात फार कामाला येणार आहे.

हे का चालतं? बारावीला करणी शिकला आहेस, तेव्हा सांगतेच. ४ म्हणजे (२ + √३) अधिक (२ − √३). या दोघांचा गुणाकार १ आहे. म्हणून बेरजेचा वर्ग करून २ वजा केले, की नेमकी त्या दोघांच्या वर्गांची बेरीज मिळते: (७ + ४√३) + (७ − ४√३) = १४. वर्ग करत राहणं म्हणजे आतून २ + √३ चे घात दुप्पट-दुप्पट करत जाणं. शेवटी शून्य येतं, त्याचा अर्थ असा की २ चा (प − १) वा घात एवढ्या घाताला २ + √३ ची किंमत बाकीच्या हिशेबात −१ झाली. तिचाच आणखी एक वर्ग केला की १. म्हणजे २ + √३ चे घात पहिल्यांदा १ वर परततात ते बरोबर २ चा प वा घात एवढ्या पायऱ्यांनी, त्याआधी नाही. तोवर आलेल्या सगळ्या किमती वेगवेगळ्या.

आता समज, आपल्या संख्येला वर्गमूळाच्या आतला एक मूळ विभाजक क आहे. मग हाच हिशेब क ने भागून उरणाऱ्या बाक्यांतही तसाच बसला पाहिजे. पण तिथे ‘अ + ब√३’ या रूपाच्या किमती किती? अ ला क पर्याय, ब ला क पर्याय, एकूण क × क. आणि क वर्गमूळाच्या आत आहे, म्हणून क × क आपल्या संख्येहून मोठं नाही. ते २ च्या प व्या घाताहून लहानच राहिलं. देवळातल्या महाप्रसादाला पानं कमी मांडली आणि माणसं जास्त आली, तर प्रत्येकाला वेगळं पान मिळणार नाही, तसंच हे. २ चा प वा घात एवढ्या वेगवेगळ्या किमती तिथे मावतच नाहीत. म्हणजे असा क असूच शकत नाही.

एकाही विभाजकाला हात न लावता ‘विभाजक नाही’ हे सिद्ध झालं. शोध न घेता ‘कुठेच नाही’ म्हणता आलं, तेही एका ओळीचीही फट न ठेवता. मला वाटतं, शाळा-कॉलेजात दाखवता येण्यासारख्या सिद्धतांत याहून सुंदर फार थोड्या असतील. (संख्या मूळ असेल तर शून्य यायलाच हवं, ही उलट बाजूही खरी आहे, तिला थोडं जास्त गणित लागतं, ते तू पदवीच्या वर्षांत शिकशील.)

राहिला ‘बहुधा’चा प्रश्न. फ्रेंच गणिती फर्मा यांच्या प्रमेयाप्रमाणे न मूळ असेल, तर २ च्या न व्या घातातून २ वजा केल्यावर न ने नि:शेष भाग जातो. ही चाचणी लवकर होते, पण तिला चकवणाऱ्या संख्या आहेत. ३४१ पाहा. ३४१ × ३ = १०२३, म्हणजे २ च्या १० व्या घाताला ३४१ ने भागून बाकी १ उरते, आणि म्हणून ३४० व्या घातालाही १ च. ३४१ चाचणीत उत्तीर्ण होते, पण ३४१ = ११ × ३१. डब्लिनहून आलेला कौल फर्माच्या जातीचा होता, सॅन अँटोनियोचा ल्युका–लेहमर चाचणीचा. शिक्कामोर्तब दुसऱ्याने केलं.

प्रश्न : आमच्या दुकानाच्या बिलांच्या प्रोग्रॅममध्ये एका रकान्यात फार मोठा आकडा टाकला, की तिथे आपोआप २१४७४८३६४७ उमटतं. मुलगा म्हणतो ही मूळ संख्या आहे. प्रोग्रॅममध्ये मूळ संख्येचं काय काम?
(दुकानदार, मडगाव)

उत्तर : मुलाचं बरोबर आहे, पण प्रोग्रॅमला त्याच्याशी देणंघेणं नाही. ती संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. तुमच्या प्रोग्रॅमने त्या रकान्याला ३२ बिटांची जागा दिली आहे (एका बिटात ० किंवा १ एवढंच मावतं). एक बिट धन-ऋण चिन्हाला गेलं, उरलेल्या ३१ जागी सगळीकडे १ भरला की हाच आकडा होतो. त्यापुढचा मावत नाही. प्रोग्रॅम करून देणाऱ्याला तो रकाना ६४ बिटांचा करायला सांगा. याच मर्यादेमुळे, १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रणा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी अडतील.

ही संख्या मूळ असल्याचं गणिती ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवलं. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. वर्गमूळ ४६,३४० च्या वर, तिथपर्यंत मूळ संख्या ४,७९२. ऑयलर यांना माहीत होतं, की अशा संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६२ ने, म्हणजे घातांक ३१ च्या दुपटीने, भागलं तर बाकी १ च उरते, आणि ८ ने भागलं तर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या, की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी देणाऱ्याच मूळ संख्या तपासायच्या राहतात, आणि त्या शंभरही भरत नाहीत. पुढे शंभर वर्षांच्या आसपास हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. ल्युका यांनी १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं हाताने सिद्ध केलं.

प्रश्न : बँकेचे व्यवहार सुरक्षित राहावेत म्हणून या महाकाय संख्या शोधतात, असं वाचलं. मी स्वतः बँकेत नोकरी केली आहे, म्हणून उत्सुकता. हे खरं का? नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी?
(सेवानिवृत्त वाचक, पेडणे)

उत्तर : साहेब, अर्धं खरं आहे. मूळ संख्यांवाचून आजचा ऑनलाइन व्यवहार चालणार नाही, पण त्यासाठी कोट्यवधी अंकांच्या संख्या लागत नाहीत. रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आज सर्रास ६१७ अंकी संख्या वापरतात. ती साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते. गुणाकार सगळ्यांना दिसतो, दोन अवयव फक्त मालकाला ठाऊक. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचे निरोप कुलूपबंद होऊन जातात, त्या गणितात २ चा २५५ वा घात वजा १९ ही ७७ अंकी मूळ संख्या आहे. ती उघडपणे छापलेली आहे, लपवायची गरजच नाही.

सुरक्षितता कशावर उभी आहे, तर मघाशी २०४७ च्या वेळी आलं त्या गोष्टीवर: संख्या संयुक्त आहे हे कळणं सोपं, तिचे अवयव हाती लागणं अवघड. याचं जुनं उदाहरण बघा. १६४४ मध्ये मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी कोणकोणत्या घातांना अशी मूळ संख्या मिळते, त्याची यादी दिली होती. तिच्यात ६७ होता. ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं, की ती संख्या मूळ नाही. पण अवयव त्यांना मिळाले नव्हते. ते फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मधल्या सत्तावीस वर्षांत ‘मोडते’ हे ठाऊक होतं, ‘कशी’ ते नव्हतं. पहिल्या अवयवातून १ वजा करा, ६७ च्या दुपटीने म्हणजे १३४ ने भागा; उत्तर १४,४५,५८०, बाकी नाही. मडगावच्या पत्रात आलेला नियम इथेही तंतोतंत लागू पडतो. आजही २५० अंकी संख्येचे अवयव पाडायला फेब्रुवारी २०२० उजाडावं लागलं, त्यासाठी अनेक संगणक राबले. ६१७ अंक अजून फार दूर आहेत.

मग फोनला ३०९ अंकी मूळ संख्या मिळते कुठून? ती तो तिथल्या तिथे शोधतो. एवढ्या आकाराच्या संख्यांत सरासरीने सातशे दहामागे एक मूळ असते. सम संख्या सोडल्या, तर साडेतीनशेच्या आसपास प्रयत्नांत एक हाती लागते. त्या शोधासाठी फर्माच्या जातीच्या, पण जास्त कडक चाचण्या वापरतात. कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि नि:संशय ठरवणारी रीत आहे का, हा प्रश्न मात्र बरीच दशकं लोंबकळत होता. त्याचं उत्तर २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून आलं. मणींद्र अग्रवाल, आणि नुकतंच बी. टेक. झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना या तिघांनी ते दिलं. आपल्या मुलांना ही नावं क्रिकेटपटूंच्या नावांइतकी पाठ असावीत, असं मला फार वाटतं.

आता चार कोटी अंकांचं काय? सरळ उपयोग नाही, आणि तसं सांगण्यात कमीपणाही नाही. पण या शोधाने यंत्रांची परीक्षा होते, कारण एकही चूक चालत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडीपाशी त्यांचं उत्तर जुळेना. मागोवा घेता घेता कळलं, की इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरची भागाकार करणारी यंत्रणाच सदोष आहे. कंपनीला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसावा लागला. २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या पिढीच्या प्रोसेसरमधला एक दोष मर्सेन संख्या तपासणाऱ्या प्रोग्रॅममुळेच उघड झाला. हे फायदे खरे आहेत. तरी माझ्यापुरतं सांगायचं तर ते नसते, तरी मी या संख्यांच्या मागे गेलेच असते.

प्रश्न : गोव्याच्या कुणी मूळ संख्यांवर काम केलं आहे का?
(वाचक, शिरोडा)

उत्तर : केलं आहे, आणि नाव तुम्हाला चांगलं परिचयाचं आहे: दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातल्या कोसबे गावी. प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून त्यांना आपण वाचतो, त्यांच्या नावाने पणजीत व्याख्यानं होतात. पण पेशाने ते गणिती होते. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी, पुढे फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन, आणि १९४५ ते १९६२ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आनुवंशिकीत त्यांच्या नावाचं सूत्र १९४४ पासून आजतागायत वापरात आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मूळ संख्यांकडे संभाव्यतेच्या नजरेतून पाहिलं. ‘सातशे दहामागे एक’ असं वर मी लिहिलं, ते सरासरीचं प्रमाण झालं. प्रत्यक्षातली गणती या सरासरीपासून किती ढळू शकते, हा खरा कठीण प्रश्न आहे. रीमान यांनी १८५९ मध्ये मांडलेलं अनुमान त्याच्याशीच निगडित आहे, ते अजून सुटलेलं नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींनी ते सोडवल्याचा दावा एका भारतीय सांख्यिकी नियतकालिकात केला. तो टिकला नाही. त्यानंतरही त्यांनी या विषयावर लिहिणं सोडलं नाही. काही लेख तर ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने छापले. २९ जून १९६६ ला ते गेले. गोव्यात त्यांचा इतिहास आदराने वाचला जातो, ते योग्यच आहे. पण गणिताच्या एकाही वर्गात त्यांचं नाव निघू नये, हे मला मान्य नाही. शिरोड्यात वाचनालय असेल, तर तिथे त्यांच्यावर एक संध्याकाळ ठेवा. गणिताची बाजू मी येऊन सांगेन.

प्रश्न : आमच्या शाळेत इंटरनेट धड चालत नाही. आठवीच्या मुलांना यातलं काय करून दाखवू?
(शिक्षक, काणकोण)

उत्तर : सर, ल्युका–लेहमर चाचणीला इंटरनेट लागत नाही. साधा कॅल्क्युलेटर पुरे, आणि उत्साही मुलं असतील तर तोही नको. ८१९१ घ्या, ती २ चा १३ वा घात वजा १. मुलांचे गट पाडा आणि अकरा पायऱ्या वाटून द्या. दुसरीकडे एका गटाला ९० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायला बसवा; त्या चोवीस आहेत. दोन्ही गटांचं उत्तर एकच आलं पाहिजे.

बाकी काढायची एक सोपी युक्ती सांगते. ८१९२ ला ८१९१ ने भागून बाकी १ उरते. म्हणून मोठ्या संख्येला ८१९२ ने भागा, आणि भागाकार व बाकी यांची बेरीज करा. ती अजून मोठी असेल, तर तेच पुन्हा. संगणकही हेच करतो. त्याच्याकडे सगळं ० आणि १ या दोनच अंकांत लिहिलेलं असल्यामुळे भागाकार करावाच लागत नाही, अंक मधून तोडून बेरीज केली की झालं.

ताळा म्हणून एवढं देते: तिसऱ्या पायरीला ४८७० आलं पाहिजे, सातव्याला ३६, दहाव्याला १२८. अकराव्या पायरीत १२८ चा वर्ग १६३८४, वजा २, म्हणजे १६३८२, आणि ते ८१९१ च्या बरोबर दुप्पट. सातव्या पायरीला ३६ आलं नाही, तर चौथ्यापासून मोजून घ्या. मोठ्या वर्गांची बेरीज मुलं तिथेच चुकतात.